शॅमेलिऑनची मादी अडते तेव्हा

शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गात आम्ही कधी कधी एक साधा प्रश्न विचारतो. सरपटणारे प्राणी अंडी घालतात की पिल्ले? बहुतेकांचे उत्तर लगेच येते : अंडी. मग मागच्या बाकावरून एखादे शिक्षक, बहुधा खेड्यातून आलेले, हळूच म्हणतात, "पण घोणस तर पिल्ले घालते." कुजबूज सुरू होते. कोणी सांगते की मारलेल्या घोणशीच्या पोटातून जिवंत पिल्ले बाहेर पडताना आपण पाहिली आहेत. कोणाला वाटते की ती तिने गिळलेली असणार. मागच्या बाकाचे म्हणणे बरोबर आहे. घोणस, फुरसे, हरणटोळ आणि मांडूळ हे आपल्याकडचे चार अगदी ओळखीचे साप थेट पिल्लांनाच जन्म देतात.

आता पिल्लांना जन्म द्यायचा म्हटले की बाळंतपण आले, आणि बाळंतपण आले की अडणेही आले. गाय अडते, म्हैस अडते, शेळी अडते, हे खेड्यातल्या मुलांना सांगावे लागत नाही. सापाची किंवा सरड्याची मादी अडू शकते का? अडते. पण रानात ती अडली तर आपल्याला कळणार कसे? एखाद्या झुडपाखाली ती मरून जाते आणि मुंगसे-कावळे उरलेले काम करतात. म्हणून हा विषय समजून घेण्यासाठी आपल्याला माणसाच्या घरात, डोळ्यांसमोर विणारा प्राणी हवा. असा एक प्राणी आहे. तो राहतो मात्र फार दूर, पूर्व आफ्रिकेतल्या केनियाच्या डोंगरांत. त्याचे नाव जॅक्सनचा शॅमेलिऑन. युरोप-अमेरिकेत अनेक वर्षे तो हौसेने पाळला जात आहे, त्यामुळे त्याच्या बाळंतपणातल्या अडचणी पशुवैद्यांना जवळून पाहायला मिळाल्या.

कळसूबाईपेक्षा उंचावरचा रहिवासी

आधी एक खुलासा. आपल्या कुंपणावर मान हलवत बसलेला, गळा लाल करणारा सरडा म्हणजे शॅमेलिऑन नव्हे. शॅमेलिऑनचे अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे असते. पायांची बोटे दोन जुड्यांत जुळलेली असल्याने पाऊल चिमट्यासारखे फांदीला पकडते. शेपूट गुंडाळता येते आणि दोन डोळे एकाच वेळी दोन वेगळ्या दिशांना पाहू शकतात. भारतात याची एक जात आहे आणि ती महाराष्ट्रातही आढळते. तिची मादी झाडावरून खाली उतरते, जमिनीत खड्डा खणते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. बहुतेक शॅमेलिऑनांची रीत हीच आहे.

जॅक्सनचा शॅमेलिऑन मात्र पिल्ले देणाऱ्या थोड्या जातींपैकी एक. १८९६ साली ब्रिटिश म्युझियममधील प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि पक्ष्यांचे अभ्यासक व वसाहतीतले अधिकारी फ्रेडरिक जॅक्सन यांचे नाव त्याला दिले. नराच्या तोंडावर तीन शिंगे असतात, एक नाकावर आणि दोन डोळ्यांच्या पुढे. म्हणून त्याच्या प्रजातीचे नाव 'ट्रायोसेरॉस', म्हणजे तीन शिंगांचा. शेपटीसह लांबी साधारण पाऊण ते एक फूट. पाळणाऱ्यांमध्ये जी उपजात सर्वात जास्त दिसते ती माउंट केनियाच्या उतारांवरची. तिच्या माद्यांना शिंगे बहुधा नसतातच.

हा प्राणी समुद्रसपाटीपासून साधारण १,६०० ते २,४०० मीटर उंचीवर राहतो. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरांचे, म्हणजे महाराष्ट्राचा डोंगर जिथे संपतो तिथे याची वस्ती सुरू होते. विषुववृत्त अगदी जवळ असूनही हवा थंड. दिवसा ऊन चांगले पडते, पण रात्री पारा १० अंशांच्या आसपासही उतरतो. धुके भरपूर आणि पावसाचे वर्षाकाठी दोन हंगाम. पाने जवळजवळ रोज ओली होतात, आणि शॅमेलिऑन पाणी पितो ते या पानांवरचे थेंब टिपूनच. वाटीत भरून ठेवलेले स्थिर पाणी बहुतेक वेळा त्याच्या लक्षातही येत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

अंडे पोटातच का ठेवायचे?

थंड डोंगराच्या मातीत अंडी पुरली तर काय होईल याचा विचार करा. सरड्याच्या अंड्याला आई ऊब देत नाही, त्याला मिळेल ती मातीची ऊब. माती थंड असेल तर आतली वाढ रेंगाळते आणि तेवढा काळ बुरशी, मुंग्या, अंडी उकरून खाणारे प्राणी यांचा धोका वाढत जातो. तेच अंडे आईच्या पोटात राहिले तर? आई सकाळी उन्हाच्या फांदीवर येते, अंगाचा रंग गडद करते, चपटी बाजू सूर्याकडे धरते आणि तापते. ऊन चढले की पानांच्या सावलीत सरकते. म्हणजे ती स्वतःच एक चालतेफिरते उबवणी यंत्र होते, आणि त्या यंत्राचे बटण तिच्या पायांत असते.

सरडे आणि साप यांच्या वंशात अंड्यांकडून पिल्लांकडे जाण्याची ही वाट शंभराहून अधिक वेळा स्वतंत्रपणे चालली गेली आहे, असे आज मानले जाते. थंड प्रदेशांत अशा जातींचे प्रमाण जास्त असते. युरोपातल्या एका लहान सरड्याचे उदाहरण तर वर्गात सांगण्याजोगे आहे. तो उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे पोचला आहे आणि बहुतेक ठिकाणी पिल्ले देतो; पण त्याच जातीचे स्पेनच्या उत्तर भागातले सरडे अंडी घालतात.

हुशार विद्यार्थी इथे विचारील की मग सोलापूर-नगरच्या उन्हात राहणारी घोणस पिल्ले का देते? प्रश्न रास्त आहे. काही शास्त्रज्ञांच्या मते मुद्दा नुसत्या थंडीचा नाही. जमिनीतल्या तापमानापेक्षा अधिक स्थिर आणि गर्भाला सोयीचे तापमान आई आपल्या हालचालींतून देऊ शकते, हा खरा लाभ. ही चर्चा अजून संपलेली नाही. आपल्या विषयापुरते एवढे पुरे की दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : आईला हवी ती जागा निवडण्याचे स्वातंत्र्य असले पाहिजे.

आणखी एका शब्दाबद्दल बोलायला हवे. आपल्या पुस्तकांत अंडज, जरायुज आणि या दोहोंच्या मधला 'अंडजरायुज' असे तीन प्रकार शिकवले जातात. अंडे पोटातच फुटते, पिल्लाला आईकडून काही मिळत नाही, ते फक्त अंड्यातल्या बलकावर वाढते, अशी अंडजरायुज शब्दामागची कल्पना. जॅक्सनच्या शॅमेलिऑनच्या बाबतीत बलकाचा भाग खरा आहे. पण 'काही मिळत नाही' हे खरे नाही. टणक कवच नसलेले, पातळ पापुद्र्यातले हे गर्भ आईच्या अंडनलिकेच्या अस्तराला चिकटून असतात आणि त्या अस्तरातून त्यांना ऑक्सिजन आणि पाणी सतत मिळत असते. अतिशय साधी का होईना, ती एक वारच आहे. म्हणून हल्लीचे अभ्यासक अंडजरायुज हा शब्द टाळतात. आमच्या मते शाळेत तो सांगायला हरकत नाही, पण लगेच पाण्याची आणि ऑक्सिजनची गोष्ट जोडावी. नाहीतर मुलांना वाटते की आई म्हणजे केवळ एक पिशवी. असे असते तर आई तहानली म्हणून पिल्ले दगावली नसती.

सरळ बाळंतपण

मादी गाभण राहिल्यापासून विण्यापर्यंत साधारण सहा महिने जातात. 'साधारण' हा शब्द महत्त्वाचा, कारण ही मुदत हवामानावर अवलंबून असते. थंडीत ती लांबते, उबेत आखडते. शिवाय एकदा संयोग झाला की नराचे शुक्राणू मादीच्या शरीरात बरेच दिवस टिकून राहू शकतात, त्यामुळे संयोगाच्या तारखेवरून हिशेब मांडला तर तो हमखास चुकतो. गाईच्या बाबतीत तारीख लिहून ठेवणारा शेतकरी नऊ महिन्यांचा अंदाज चार-आठ दिवसांच्या फरकाने सांगू शकतो. इथे एक-दोन महिन्यांचा फरकही नवलाचा नाही.

पोटात दोन अंडनलिका असतात, डावी आणि उजवी, आणि माळेतल्या मण्यांसारखे गर्भ त्यांत ओळीने बसलेले असतात. एका वेतात आठ-दहापासून तीस किंवा त्याहूनही जास्त पिल्ले होतात. शेवटच्या काही दिवसांत मादी खाणे कमी करते किंवा सोडते आणि पिंजऱ्यात येरझारा घालू लागते. मग बहुधा एखाद्या सकाळी ती फांदीवरून मागचे अंग खाली करते आणि पहिले पिल्लू बाहेर पडते, एका चिकट, पारदर्शक पापुद्र्यात गुंडाळलेले. कधी ते पानाला चिकटते, कधी सरळ खाली पडते. काही क्षणांत ते हातपाय ताणते, पापुद्रा फाटतो आणि जेमतेम काडेपेटीच्या लांबीचे शॅमेलिऑन चालू लागते. आई पुढच्या फांदीवर सरकून दुसरे पिल्लू टाकते. सगळे सुरळीत असेल तर काही तासांत वेत पूर्ण होते. पिल्लांकडे ती ढुंकूनही पाहत नाही, आणि त्यांनाही तिची गरज नसते. दुसऱ्या दिवसापासून ती चिलटांएवढ्या माश्यांवर जीभ मारू लागतात.

पिल्लांबरोबर काही पिवळे गोळेही पडतात. ती न फळलेली अंडी, म्हणजे नुसता बलक. दोन-चार असे गोळे किंवा एखादे मेलेले पिल्लू दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नसते. गोळेच जास्त आणि पिल्ले कमी असतील तर मात्र काहीतरी बिघडले होते असे समजावे.

गाठ कुठे बसते

अडण्याचे दोन प्रकार पशुवैद्य मानतात. पहिल्यात वाटच बंद असते. पिल्लू आडवे आले, दोन पिल्ले एकदम आली, गर्भ मरून फुगला किंवा कमरेच्या हाडांची कमान अरुंद झाली. दुसऱ्यात वाट मोकळी असते पण ढकलणारे स्नायू काम करत नाहीत. बंदिवासातल्या माद्यांमध्ये हा दुसरा प्रकार फार दिसतो, आणि त्याची मुळे बाळंतपणाच्या दिवशी सापडत नाहीत. ती मागच्या सहा महिन्यांत असतात.

उष्णतेपासून सुरुवात करू. पाळणाऱ्याच्या मनात पक्के बसलेले असते की सरडा म्हणजे उन्हाचा प्राणी. तो काचेच्या पेटीवर दिवा लावतो आणि रात्रीही खोली उबदार ठेवतो. वाळवंटी सरड्याला हे मानवेल, पण डोंगरातल्या या मादीची रात्रीची विश्रांती त्यामुळे हिरावली जाते. रानात ती जास्त तापली की दोन पावले सावलीत जाते. पेटीत सावलीही तापलेलीच असते. मग ती फिकट पडते, तोंड उघडून धापा टाकते. गर्भांना यातून सुटका नसते. त्यांची वाढ घाईने होते, व्यंगे राहतात, काही गर्भ मरतात. मेलेला गर्भ स्वतःहून हालचाल करत नाही, आखडत नाही, आणि बाहेर येताना वाटेत अडकून बसण्याची शक्यता वाढते. त्याच्यामागे जिवंत पिल्ले रांगेत थांबलेली असतात.

मग पाणी. वाढत्या गर्भाला पाणी लागते आणि ते तो आईच्या शरीरातून ओढतो. पेटीत पाण्याची वाटी भरलेली असते, मालक निश्चिंत असतो आणि मादी वाटीशेजारी तहानलेली असते. पानांवर पाणी शिंपडले आणि ते थेंब काही वेळ टिकले तरच ती पिते. पाणी कमी पडले की रक्त दाट होते, स्नायू थकतात आणि अंडनलिकेचा ओलावा कमी होतो. कोरड्या वाटेने पिल्लू सरकत नाही. कोणत्याही अनुभवी सुईणीला हे पटेल.

कॅल्शियमची गोष्ट सांगण्यासाठी आपण क्षणभर गोठ्यात जाऊ. जास्त दूध देणारी गाय व्याल्यानंतर अचानक बसते, मान पोटाकडे वळवते, उठत नाही. गावातले लोक जाणतात. डॉक्टर येतात, शिरेतून कॅल्शियमची बाटली चढवतात आणि थोड्या वेळापूर्वी मरणाच्या दारात असलेली गाय उठून उभी राहते. यालाच दुग्धज्वर म्हणतात, जरी अंगात ज्वर नसतो. कॅल्शियम हाडांसाठी असते एवढेच आपण शिकवतो. पण स्नायूच्या पेशीत कॅल्शियमचे कण शिरल्याशिवाय स्नायू आकुंचन पावत नाही, हे या गाईइतके स्पष्ट दुसरे कोणी शिकवू शकत नाही. जॅक्सनच्या मादीला अंड्याचे कवच बनवायचे नसते हे खरे, पण तीस पिल्लांच्या हाडांसाठी लागणारे कॅल्शियम तिने बलकात भरलेले असते. तिचे स्वतःचे साठे रिकामे असतील तर बाळंतपणाच्या दिवशी कळा येतात त्या दुबळ्या, किंवा येतच नाहीत.

आहारात किडे असतात आणि नाकतोड्या-रातकिड्यांच्या अंगात कॅल्शियम फार थोडे, फॉस्फरस जास्त. म्हणून त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरतात. ती पचायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार होते सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी. यासाठी लागणारे 'अतिनील-ब' किरण खिडकीच्या साध्या काचेतून आत येत नाहीत. उन्हात ठेवलेली काचेची पेटी लख्ख उजळते, तापते, पण त्या कामासाठी ती अंधारीच. अशा मादीची हाडे मऊ होतात, कमरेची कमान वाकते आणि मग पहिल्या प्रकारचे, वाट बंद होण्याचे अडणेही संभवते. दुसऱ्या टोकाला, घाबरून ड आणि अ जीवनसत्त्वांचा मारा करणारेही असतात. डोंगरी शॅमेलिऑनांना हा मारा सोसत नाही. गळ्याभोवती सूज येते, मूत्रपिंडे बिघडतात.

लठ्ठपणा, फिरायला जागा नसणे ही कारणे नेहमीचीच आहेत. पण भीतीबद्दल दोन वाक्ये लिहायला हवीत. शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे. त्याच पिंजऱ्यात नर समोर दिसत राहणे, माणसांनी सारखे हातात घेणे हे त्याला सहन होत नाही. काही सरड्यांवरच्या प्रयोगांत असे आढळले आहे की ॲड्रिनॅलिनच्या कुळातली द्रव्ये अंडनलिकेच्या स्नायूंना आवरून धरतात. रानात याला अर्थ आहे, कारण शत्रू समोर असताना विण्यात शहाणपण नाही. पेटीत मात्र शत्रू दिवसभर समोरच असतो.

वाट पाहावी की नाही?

आता सर्वात अवघड भाग. शॅमेलिऑन दुखणे लपवतो. झाडावर राहणारा, सावकाश चालणारा प्राणी आजारी दिसला की शिकार होतो, म्हणून शेवटपर्यंत तो फांदीला धरून ठीक असल्यासारखा बसतो. त्यातून विण्याची तारीख नक्की नाही आणि खाणे सोडणे हे सरळ बाळंतपणाचेही लक्षण आहे. मालक वाट पाहतो, आणि पुष्कळदा वाट पाहणेच बरोबर असते. पण कधी नाही?

डोळे हे पहिले चिन्ह. न खाणारी पण डोळे उघडे, टपोरे आणि फिरते असलेली मादी थांबू शकते. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसलेली मादी थांबू शकत नाही. शॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. खोल गेलेले डोळे म्हणजे पाणी संपलेले. फांदी सोडून तळाशी पडून राहणे, पकड ढिली होणे हेही तसेच. बराच वेळ कळा देऊनही काहीच न पडणे, किंवा दोन-चार पिल्ले पडून मग एक दिवस उलटला तरी पोट तसेच भरलेले असणे, ही उघड खूण आहे. ती दिसल्यावर रात्रभर थांबणे म्हणजे बहुतेक वेळा उरलेली पिल्ले आणि कदाचित आईही गमावणे. आत मेलेले गर्भ कुजतात आणि विष अंगभर भिनते.

पोट दाबून पिल्लू बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नये, हे आम्ही ठामपणे लिहितो. अंडनलिकेची भिंत पातळ असते; ती फाटली तर सगळा माल पोटाच्या पोकळीत उतरतो आणि पुढे काही करता येत नाही.

पशुवैद्य आधी क्ष-किरण चित्र घेतात. दिवस भरलेल्या पिल्लांच्या हाडांची बारीक चित्रे त्यात दिसतात, आणि किती उरली, आडवे कोण, हे समजते. ध्वनिलहरींच्या तपासणीत हृदयाचे ठोके दिसले तर पिल्लू जिवंत आहे. मग मादीला द्रव पुरवतात, तिच्या जातीला मानवेल अशा उबेत शांत ठेवतात आणि गरजेप्रमाणे कॅल्शियमचे इंजेक्शन देतात. कित्येकदा एवढ्यावरच काम होते, आणि ही गोष्ट बोलकी आहे.

न झाले, आणि वाट मोकळी असल्याची खात्री असेल, तर ऑक्सिटोसिन टोचतात. ऑक्सिटोसिनचे नाव आपल्याकडे ऐकीव आहे, कारण बाळंतपणात डॉक्टर ते वापरतात आणि गोठ्यात पान्हा सोडवण्यासाठी ते चोरूनही टोचले जाते. पण ते आहे सस्तन प्राण्यांचे संप्रेरक. सरड्यांच्या अंडनलिकेला हुकूम देते ते त्याचे भावंड, व्हॅसोटोसिन. दोन्ही रेणू नऊ-नऊ अमिनो आम्लांच्या माळा आहेत आणि त्यांत फरक फक्त आठव्या मण्याचा. नऊपैकी आठ मणी सारखे असल्याने परके संप्रेरकही कधी कधी कुलूप उघडते; एक मणी वेगळा असल्याने प्रत्येक वेळी उघडत नाही. कासवांमध्ये ऑक्सिटोसिन चांगले लागू पडते, सरड्यांमध्ये त्याचा भरवसा कमी. पिल्लू आडवे असताना ते दिले तर बंद दारावर जोर लावल्यासारखे होऊन नलिका फाटू शकते. शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा : नलिका उघडून पिल्ले काढणे, किंवा नलिका आणि अंडाशय दोन्ही काढून टाकणे. मूठभर वजनाच्या, आधीच खचलेल्या प्राण्यावर भूल देऊन हे करायचे असते. काही माद्या वाचतात. वेळेवर आणलेल्या जास्त वाचतात.

हवाईतली एक बाग

१९७२ साली हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरच्या कानेओहे गावात एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने केनियातून सुमारे तीन डझन जॅक्सनचे शॅमेलिऑन मागवले. प्रवासात ते वाळून, खंगून आले होते. विकण्याजोगे नाहीत असे पाहून, जरा सुधारावेत म्हणून त्याने ते आपल्या बागेत सोडले. ते सुधारले. इतके सुधारले की बागेत राहिले नाहीत. पुढच्या काही वर्षांत ते बेटावर पसरले आणि माणसांच्या हातांनी इतर बेटांवरही पोचले.

कानेओहे काही केनियाच्या डोंगराएवढे थंड नाही, ते समुद्रकाठचे गाव आहे. पण तिथे वारा आहे, वरचेवर पडणाऱ्या सरी आहेत, दाट पाने आहेत आणि ऊन-सावलीत सरकायला झाडेच झाडे आहेत. कोणी पूड भुरभुरली नाही, कोणी दिवा लावला नाही, आणि माद्या वीत राहिल्या. पिल्ले देणाऱ्या जातीला अशा वसाहतीत एक फायदाही मिळतो. अंडी पुरायला योग्य माती शोधावी लागत नाही. एक गाभण मादी झाडावर चढली की तीस पिल्ले पोचल्यासारखीच.

त्याची किंमत दुसऱ्यांनी दिली. हवाईच्या रानात झाडांवर राहणाऱ्या, जगात इतरत्र कुठेही नसलेल्या गोगलगाई आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या शॅमेलिऑनांच्या पोटांत अशा दुर्मिळ गोगलगाई सापडल्या.

आपल्याकडे कोणाच्या मनात हा प्राणी पाळण्याची हौस आली तर कायद्याची बाजूही सांगायला हवी. भारतातला शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो पकडणे किंवा घरात ठेवणे गुन्हा आहे. परदेशी शॅमेलिऑनांच्या व्यापारावर १९७७ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार नियंत्रण आहे, आणि आपल्या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा करारातल्या जिवंत प्राण्यांची नोंद सरकारदरबारी करावी लागते. पण कागद पूर्ण असले तरी रात्री १५ अंशांची हवा, रोजचे धुके आणि शॅमेलिऑन हाताळलेला पशुवैद्य या तीन गोष्टी आपल्या किती गावांत मिळतील, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. आम्हाला विचाराल तर एकाही नाही म्हणण्याकडे आमचा कल आहे.

आणि समजा सगळे नीट झाले, मादी सुखरूप व्याली. तिचे पोट रिकामे होते, कातडी सैल लोंबते, ती भरपूर पाणी पिते आणि दोन-चार दिवसांत किड्यांवर तुटून पडते. मालक नराला दुसऱ्या खोलीत हलवतो आणि निश्वास टाकतो. पण मघाशी सांगितलेले ते साठवलेले शुक्राणू अजून तिच्याजवळ असू शकतात. काही महिन्यांनी, नराचे तोंडही न पाहता, तिचे पोट पुन्हा जड होऊ लागते.